मदत हवी आहे: दोन्ही वृषणं काढायची की दर ३ महिन्यांनी इंजेक्शन?
रुग्ण ७४ वर्षांचे, प्रोस्टेट कॅन्सर मणक्यात पोचलाय. आता नुसतं प्रोस्टेट काढून भागणार नाही, टेस्टोस्टेरॉनच (कॅन्सरला खतपाणी घालणारं पुरुषी हार्मोन) तोडायला हवं. वृषणं काढली की ते साधारण दिवसभरात तळाला जातं, खर्चही एकदाच. पण परतीची वाट नाही. ल्युप्रोलाइडने (म्हणजे ते इंजेक्शन) सुरुवातीचे १-२ आठवडे ते उलट वाढतं आणि मज्जारज्जू दबायचा धोका असतो, म्हणून आधीपासून बायकॅल्युटामाइड (टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारी गोळी) ५० मिलिग्रॅम (नेमकं हेच राहून जातं!).

अडलंय ते इथे: वृषणाचं आवरण ठेवून आतला गर तेवढा काढला तर पिशवी रिकामी दिसत नाही, पण पेशी उरल्या तर टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या (हवी ती पातळी) खाली न उतरण्याची भीती. तुमच्याकडचे सर्जन कोणती पद्धत निवडतात? नंतरची रक्ततपासणी कितव्या आठवड्यात? आणि ॲबिराटेरोन (शरीरात टेस्टोस्टेरॉन बनणंच रोखणारी गोळी) लगेच जोडतात का?