मदत हवी आहे: मेलमॅकच्या कपांतले चहाचे डाग

मंडळी, न्यू जर्सीत एका गराज सेलमध्ये अमेरिकन डिझायनर रसेल राइटच्या डिझाइनचा ‘रेसिडेन्शियल’ नावाचा मेलमॅक (म्हणजे मेलामाइन या कडक प्लास्टिकच्या भांड्यांचा) सेट मिळाला, १९५३ सालचा नमुना. सहा ताटल्या, चार कप. पहिल्याच दिवशी हौसेने त्यात आमटी वाढली, ही माझीच करणी! हळदीचा डाग दोन दिवस उन्हात ठेवल्यावर बराच फिकट झाला. पण कपांच्या तळाशी चहाचा जुना तपकिरी थर आहे, तो हलत नाही. खायच्या सोड्याची पेस्ट चोळली, फरक थोडाच. ब्लीचने मेलामाइनची चकाकी जाते म्हणून टाळलंय. तारेची घासणी तर नकोच. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रात्रभर भिजवलं तर रंग उडेल का? कुणी करून पाहिलंय? आणि सुरीचे ओरखडे पॉलिशने जातात, की तसेच मिरवायचे? (मायक्रोवेव्हमध्ये घालत नाही, काळजी नसावी.)