मदत हवी आहे: घाबरं होणाऱ्यांसाठी मराठी-कोंकणी ॲप

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा, कोडिंग करतो. धाकट्या बहिणीला पॅनिक अटॅक येतात. परवा चोडणच्या फेरीबोटीत तिला अटॅक आला. हात इतके थरथरत होते की मोबाईलचं लॉकसुद्धा उघडेना, आणि उघडल्यावर समोर इंग्रजीत लांबलचक सूचना! तेव्हाच सुचलं: एकच मोठं बटण, दाबलं की घरच्यासारख्या आवाजात श्वास मोजायचा, सोडताना जास्त वेळ. इंटरनेटशिवाय चालेल असं. आई अजून ‘काळीज धडधडटा’ म्हणते, तिला ‘एंग्झायटी’ काय कळणार?

जीएडी-७ ही एंग्झायटी किती आहे ते मोजणारी सात प्रश्नांची चाचणी मोफत वापरता येते, ती घालीन. पण ०-२१ गुण पाहून माणूस आणखीच घाबरला तर? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मात्र पहिल्याच स्क्रीनवर असेल.

अडलंय ते पैशांपाशी. जाहिराती नकोतच. अटॅकच्या वेळी कर्जाची जाहिरात दिसली तर फोन नदीत जाईल. वर्गणी ठेवू की कंपन्यांना त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी विकू? कंपनीला विकलं तर कर्मचारी साहेबाच्या भीतीने उघडणारच नाहीत, असं मला वाटतं. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती कशी घ्यायची, हे कोणी केलंय का? मजकूर तपासून देणारे मानसोपचारतज्ज्ञ ओळखीचे असतील तर कळवा. मानधन देईन.