गॅरेजच्या मागच्या भागात ऑफिस : तुमचे अनुभव सांगा

सहकारनगरहून (धागाकर्ती)
आमचा बंगला जुना, गॅरेज लांबलचक. गाडी लावूनही मागे बारा फूट उरायचे आणि तिथे रद्दी, मखराचं सामान, मोडकी सायकल असं सगळं साठलेलं. घरात सासूबाई, दोन मुलं आणि माझे दिवसभराचे कॉल. गेल्या वर्षी मार्चमध्ये तो भाग अडवून ९ बाय १० ची खोली काढली. बजेट ६० हजार होतं, गेले ८० च्या वर.

कळकळीने सांगते, टेबल-खुर्ची शेवटी घ्या, आधी जमीन बघा. मी जुन्या शहाबादीवर सरळ व्हिनाइल अंथरलं. दिसायला सुरेख! जुलैत खोलीत कुबट वास यायला लागला. कोपरा उचलून पाहिला तर खाली पाणी सुटलेलं, व्हिनाइलच्या पाठीवर काळी बुरशी. ९ हजार वाया गेले.

मग ओळखीच्या गवंडीकाकांनी एक साधी परीक्षा शिकवली. दोन बाय दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा कागद फरशीवर ठेवायचा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोन दिवस हात लावायचा नाही. कागदाच्या खालच्या बाजूला थेंब धरले तर ओल जमिनीतून येतेय, वर धरले तर हवेतली. माझ्याकडे खालून होती. दिवाळीनंतर शहाबादी काढली, जमीन वाळवली, वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि वर साधी टाइल. यंदा जमीन कोरडी आहे. ही परीक्षा पावसाळ्यातच करा, एप्रिलमध्ये पुण्यातली कुठलीही फरशी कोरडीच दिसते.

आता तुमचे अनुभव येऊ द्या, विशेषतः काय चुकलं ते.

कोथरूडहून
गाडी आणि ऑफिस एकाच छताखाली असेल तर पार्टिशन थेट स्लॅबला भिडवा. मी पैसे वाचवायला सिमेंट बोर्ड सात फुटांवर थांबवला. सकाळी मुलगा गाडी सुरू करून निघाला की तासाभरात माझं डोकं जड व्हायचं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डॉक्टरांकडेही जाऊन आलो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. नंतर एक्झॉस्ट फॅन लावला, तर तो गॅरेजमधलीच हवा आत ओढायला लागला! शेवटी वरची फट बुजवली, दाराखाली रबरी पट्टी लावली, बाहेरच्या भिंतीला खिडकी पाडली. गाडी आता बाहेर काढूनच सुरू करतो.

बिबवेवाडीहून
गॅरेजमधल्या दिव्याच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन ओढू नका. मी त्यावर कॉम्प्युटर, प्रिंटर आणि डिसेंबरात हीटर चालवला. एके दिवशी प्लगची पिन हाताला चटका देण्याइतकी तापलेली. वायरमनने मेन बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन आणली, अर्थिंग तपासलं, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की लाइन तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. सामान तपकीर गल्लीतून आणलं, मजुरीसकट साडेसात हजार. ओलीची जागा असेल तर आरसीसीबीत काटकसर अजिबात नको.

औंधहून
बंगलेवाल्यांचं ठीक आहे, फ्लॅटवाल्यांनी आधी हे वाचा. बिल्डरने इमारतीखालचं पार्किंग 'गॅरेज' म्हणून दिलं होतं. मी प्लायवूड मारून बंद केलं आणि सोसायटीचं पत्र आलं. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा नहालचंद लालूचंद निकाल दाखवला : स्टिल्ट पार्किंग (खांबांवरच्या इमारतीखालचं) हा इमारतीचा सामायिक भाग, बिल्डरला तो वेगळा विकता येत नाही. सगळं उतरवलं, २२ हजार गेले. पैशांपेक्षा शेजाऱ्यांशी कटुता आली त्याचं वाईट वाटतं. बंगल्यातही मंजूर नकाशात ती जागा पार्किंग दाखवलेली असते, तेव्हा आर्किटेक्टला विचारूनच हात घाला.

सिंहगड रोडहून
दार-खिडकी नवी घेऊ नका. रविवारी जुन्या बाजारात सागवानी खिडकी गजांसकट १,८०० ला मिळाली. जाताना टेप न्या आणि चौकट कर्णात मोजा, दोन्ही कर्ण सारखे नसतील तर ती बसवताना सुतार रडवतो.

सहकारनगरहून (धागाकर्ती)
कोथरूडचा अनुभव वाचून आत्ता शिडी लावून पाहिलं. माझ्याही पार्टिशनवर, बीमच्या कडेला, बोटभर फट आहे. उद्या सकाळी गवंडीकाकांना बोलावलंय. तोवर गाडी बाहेरच उभी राहील.