नोकरी आणि घर सांभाळून आठवड्यात नियमित सायकलिंग कसे जमवावे?

राजारामपुरीकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी राजारामपुरीत राहतो आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात दर्जा तपासणी विभागात काम करतो. वय ४१. कामाची वेळ सकाळी साडेआठ ते सायंकाळी साडेपाच अशी असली, तरी ग्राहकाकडून तपासणीसाठी कोणी आले किंवा माल पाठवण्याची घाई असली की निघेपर्यंत सात सहज वाजतात. पत्नी शिक्षिका आहे आणि तिची शाळा सकाळची असल्याने ती पावणेसातला घर सोडते. त्यानंतर मुलीला क्लासला पाठवणे, मुलाला आवरून पावणेआठच्या रिक्षात बसवणे आणि आईला चहा-नाश्ता व औषधे देणे हे सगळे माझ्याकडे असते. रात्री जेवणे, अभ्यास आणि दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणे आटोपून साडेअकराच्या आत पाठ टेकत नाही.

दोन वर्षांपूर्वी गियरची सायकल घेतली. रविवारी मित्रांबरोबर पन्हाळ्याला किंवा केर्लीपर्यंत जाणे होते, पण मधल्या दिवसांत सायकल जिन्याखाली उभी असते. एखाद्या रविवारी लग्न किंवा वास्तुशांत निघाली की पुढचा रविवार येईपर्यंत पाय पुन्हा कच्चे झालेले असतात आणि वाघबीळनंतरचा चढ जीव काढतो. ज्याला विचारावे तो “पहाटे साडेचारला उठा” असे सांगतो. साडेअकराला झोपणाऱ्या माणसाने साडेचारला उठून आठ तास यंत्रांच्या आवाजात उभे राहायचे कसे, याचे उत्तर मात्र कोणी देत नाही. झोपेवर आणि घरच्यांच्या वाट्याच्या वेळेवर हात न मारता ज्यांनी ही गोष्ट प्रत्यक्षात बसवली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कळंब्याहून

आपल्या वेळापत्रकात पहाट नाही आणि रात्रही नाही. पण कामावर जाण्यायेण्याचा वेळ आहे. तो आपण आजही खर्च करतच आहात. राजारामपुरीतून गोकुळ शिरगाव साधारण नऊ-दहा किलोमीटर पडते. गर्दीच्या वेळी मोटारसायकलला वीस-पंचवीस मिनिटे लागत असतील, तर ताशी सोळा-अठरा किलोमीटरच्या बेताच्या वेगाने सायकलला पस्तीस मिनिटे लागतील. म्हणजे एका फेरीला दहा-पंधरा मिनिटे जादा, आणि त्या बदल्यात दिवसाकाठी तासाभराहून अधिक सायकलिंग. हाच तास घरून वेगळा काढायचा म्हटले, तर कपडे बदलणे, हवा पाहणे, परत येऊन अंघोळ करणे धरून दीड तासाच्या खाली हिशेब बसत नाही.

मी गेली काही वर्षे गोकुळ शिरगावलाच सायकलने जातो, पण रोज जात नाही आणि आपणही रोजचा आग्रह धरू नये, असे मला वाटते. सोमवारी मी मोटारसायकलने जातो. त्या दिवशी पुढच्या तीन दिवसांचे शर्ट-पँट, टॉवेल आणि साबणाची डबी नेऊन कपाटात ठेवतो आणि आधीचे मळके कपडे परत आणतो. त्यामुळे सायकलच्या दिवशी सोबत फक्त डबा असतो. डब्यात त्या दिवशी आमटी नको, सुकी भाजी असू द्या. मागच्या कॅरिअरवर खड्ड्यांतून गेलेल्या आमटीचा अनुभव मी कोणाला सुचवणार नाही. बॅग पाठीला लावण्याऐवजी कॅरिअरला अडकवली तर पाठीवर घामाचा पट्टा उठत नाही आणि खांदेही मोकळे राहतात. कारखान्यात कामगारांसाठी न्हाणीघर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर ओला टॉवेल आणि पाच मिनिटे पंख्याखाली बसणे यावर भागते. मात्र शेवटचा एक किलोमीटर मुद्दाम हळू चालवावा, म्हणजे पोहोचल्यानंतरही घाम गळत राहत नाही.

महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर जाऊ नये, सेवा रस्ता असेल तिथे तोच धरावा. पण सेवा रस्त्यावर उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या हा आपल्याकडचा नित्याचा प्रकार आहे, हे गृहीत धरूनच चालवावे. उशीर होणार हे सकाळीच दिसत असेल, त्या दिवशी मोटारसायकल काढावी.

रंकाळा परिसर

वरील उत्तर मला पटते, परंतु घरात वेळ कोणाचा जातो या बाजूने कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहिते. मी बँकेत नोकरी करते, सायकलही चालवते, आणि माझ्याकडेही शाळेत जाणारी दोन मुले आहेत. आमच्या घरी सुरुवातीला नवऱ्याचे सायकलिंग सुरू झाले तेव्हा तो सहाला बाहेर पडायचा आणि साडेसातला प्रसन्न चेहऱ्याने परत यायचा. त्या दीड तासात पाणी भरणे, दोन डबे, वेण्या आणि हरवलेला एक मोजा हे सगळे माझ्या वाट्याला आलेले असायचे. त्याच्या मते तो “स्वतःचा वेळ” काढत होता. प्रत्यक्षात त्यातला बराचसा वेळ माझा होता, आणि हे बोलून दाखवेपर्यंत त्याच्या लक्षातही आले नव्हते.

आम्ही पुढे अशी विभागणी केली की आठवड्यातील ठरलेले दोन दिवस त्याचे आणि दोन माझे. ज्याचा दिवस नसेल त्याने स्वयंपाकघर संपूर्ण सांभाळायचे. कणीक कुठे ठेवली आहे, हे विचारायला फोनही करायचा नाही. हे दिवस स्वयंपाकघरातील कालनिर्णयवर लिहिलेले असतात. परीक्षा, पाहुणे किंवा आजारपण आले की त्या आठवड्यापुरते दोघांचेही दिवस रद्द होतात; एकाचेच रद्द होत नाहीत. आपल्या पत्रात वहिनी काय करतात हे आले आहे, त्यांना काय करावेसे वाटते हे आलेले नाही. त्यांना सायकलच चालवायची असेल असे नाही. शाळेतून आल्यावर कोणी हाक न मारता तासभर झोप मिळाली, तरी तो त्यांचा वेळ झाला. तो आधी ठरवा आणि मग आपला मागा.

दुसरी अडचण उजेडाची. आपल्याकडे जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि जूनच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. अंधारात रंकाळ्याच्या पुढे फुलेवाडीच्या बाजूला एकटीने जाणे मला योग्य वाटत नाही. त्यामुळे हिवाळ्यात मी सकाळचा नाद सोडते आणि शनिवारी बँकेला सुट्टी असेल तेव्हा दुपारी चारला निघते. वर्षभर एकच वेळापत्रक टिकेल, ही अपेक्षा पुष्कळ लोकांचे सायकलिंग बंद पाडते.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

आमच्याकडे पाळ्या बदलतात, त्यामुळे “रोज अमुक वाजता” हे शब्द आम्हाला लागूच होत नाहीत. दुपारच्या पाळीचा आठवडा सायकलसाठी सर्वांत चांगला, कारण मुले शाळेत गेल्यावर सकाळी नऊ ते अकरा घर शांत असते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मी संध्याकाळी अर्धा-पाऊण तास चालवतो. रात्रपाळीच्या आठवड्यात सायकलला हात लावत नाही. रात्रभर भट्टीपुढे उभे राहून आलेल्या माणसाने सकाळी रहदारीत सायकल घालणे म्हणजे डुलकीला आमंत्रण देणे आहे.

साखर कारखाने सुरू झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारापासून पुढे मार्चपर्यंत, संध्याकाळी उशिरा सायकलने परतणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला बंद पडून उभा असतो, मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो, आणि बाहेर आलेल्या उसाच्या कांड्या नेमक्या सायकलस्वाराच्या तोंडाच्या उंचीवर असतात. पुढचा दिवा मिणमिणता नको, रस्ता दिसेल असा हवा. मागचा लाल दिवा तर हवाच.

ताराबाई पार्क

दुसरा मार्ग सुचवतो. सायकलचे मागचे चाक बसवून घरातच चालवता येईल असे ट्रेनरचे स्टँड मिळते. मुले अभ्यासाला बसल्यावर अर्धा तास चालवतो. आवाज होतो, घामाने फरशी ओली होते आणि समोर भिंत असते. पण आई आजारी असताना घर सोडणे शक्य नव्हते, त्या काळात याच एका उपायाने सवय टिकली.

निवृत्त क्रीडाशिक्षक, कसबा बावडा

चर्चा चांगली चालली आहे. मला दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते.

पहिली, किती व्यायाम पुरेसा आहे याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. २०१० च्या सूचनांमध्ये व्यायाम एका वेळी किमान दहा मिनिटे सलग हवा अशी अट होती, ती २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. म्हणजे भाजी मंडईपर्यंतची आठ मिनिटेही जमेस धरावीत. कळंब्याच्या सद्गृहस्थांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून तीन दिवस सायकलने कामावर गेल्यास दोनशे मिनिटांच्या आसपास चालवणे होते. त्यामुळे रविवार चुकला तरी बिघडत नाही.

दुसरी गोष्ट रविवारविषयी, आणि ती थोडी स्पष्ट लिहितो. पन्हाळ्याच्या सहलींना माझा विरोध नाही. चढावर माणसाची परीक्षा होते आणि सोबतीने उत्साहही येतो. परंतु पाचला निघालेली मंडळी साडेसातला वर पोहोचतात, मग फोटो, मग मिसळ, मग दुसऱ्या मिसळीची वाट पाहणे, आणि घरी पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. नंतर दुपारभर झोप. आठवड्यातील एकमेव मोकळा दिवस असा गेल्यावर घरचे सायकलकडे रागाने पाहू लागले, तर त्यात त्यांची चूक नाही. रविवारी नऊच्या आत घरात यावे. तालमीत वाढलेल्या आमच्या पिढीला वस्तादांनी हेच शिकवले की एका दिवशी हजार जोर मारून सहा दिवस निजणारा पैलवान होत नाही. रोजची मेहनत थोडी असली तरी चालते, पण खंड पडता कामा नये.

आणखी एक. आठवड्यातून एकदाच सायकल चालवणाऱ्यांचे गुडघे बहुधा बसण्याची उंची चुकल्याने दुखतात आणि मग वेळ असूनही सायकल बंद होते. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. तसे झाले की चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच वाक राहतो. चाळिशी ओलांडली असल्याने रक्तदाब आणि साखर एकदा तपासून घ्यावी, विशेषतः घरात कोणाला हृदयविकार असेल तर.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताईंचे उत्तर पत्नीला वाचून दाखवले. तिने ते पुन्हा स्वतः वाचले आणि मग सांगितले की तिला बुधवार व शुक्रवारची संध्याकाळ हवी आहे, त्या वेळी ती मैत्रिणीकडे जाईल किंवा नुसती गच्चीवर बसेल, आणि कुठे गेली होतीस असे कोणी विचारायचे नाही. मंजूर केले आहे. त्या दोन दिवशी मी वेळेवर घरी पोहोचणे भाग असल्याने मोटारसायकल, आणि मंगळवार, गुरुवार व शनिवार सायकल, असे ठरते आहे. सोमवारी कपडे नेण्याची युक्ती उपयोगी पडेल. मुलाच्या रिक्षावाल्या काकांना पाच मिनिटे आधी येण्याची विनंती केली आहे, म्हणजे पावणेआठला मलाही निघता येईल. ताराबाई पार्कवाल्यांच्या स्टँडचा विचार आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी नक्की करीन.

एकच शंका उरते. पावसाळ्याचे चार महिने आपण काय करता? रिमझिम असेल तर प्रश्न नाही, परंतु जुलैतील संततधारेत सायकलने जाणे शहाणपणाचे आहे का?

कळंब्याहून

संततधारेत जाऊ नका. झिमझिम असेल तर जा, पण गियरच्या सायकलींना बहुधा मडगार्ड नसतात, ते आधी बसवून घ्या. नाहीतर मागच्या चाकाचा चिखल थेट पाठीवर येतो. पावसात चालवल्यावर त्याच संध्याकाळी साखळी फडक्याने पुसून तेलाचे चार थेंब द्यावेत, एवढे केले तरी गंज लागत नाही. पाणी साचलेल्या रस्त्यावर डबक्यातून सायकल घालू नये, कारण खाली खड्डा किती आहे हे दिसत नाही. ब्रेक ओले असताना उशिरा लागतात, त्यामुळे पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवावे.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

यात आमच्या बाजूची भर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की आम्ही सायकल घरीच ठेवतो. ४३ फूट ही धोका पातळी आहे, आणि २०१९ व २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. आपला रस्ता शहराच्या दुसऱ्या बाजूचा असल्याने आपल्याला नदी ओलांडावी लागत नाही, परंतु महामार्ग बंद झाला की अडकलेल्या मालमोटारींच्या रांगा आपल्या बाजूलाही लागतात आणि सेवा रस्त्यावर सायकलला जागा उरत नाही. त्या आठवड्यात घरात जोर-बैठका माराव्यात आणि पाणी उतरल्यावर, रस्त्यावरचा गाळ निघेपर्यंत दोन दिवस थांबून, पुन्हा सुरू करावे.