ॲक्सेसिबिलिटी: सुलभता, सुगम्यता की आणखी काही?

कच्चाखर्डा
नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेच्या मोबाइल ॲपचं माहितीपत्रक मराठीत करतोय आणि पहिल्याच पानावर अडलोय. मूळ मसुद्यात ‘ॲक्सेसिबिलिटी’ (म्हणजे अंध, कर्णबधिर अशा सगळ्यांनाच वापरता येणं) नऊ वेळा आलंय. सचिवसाहेबांना ‘सुलभता’ हवंय. सरकारी कागदांत ‘सुगम्यता’ दिसतं. एका जुन्या भाषांतरात ‘प्रवेशयोग्यता’ सापडलं, ते वाचून मला अकरावीची प्रवेशयादीच आठवली. तिन्हींत नेमका फरक काय? मसुदा सोबत जोडलाय.

धातुसाधित
‘प्रवेशयोग्यता’ सोडून द्या, तुमची अकरावीची शंका रास्त आहे. त्या शब्दात योग्यता आत येणाऱ्याची तपासली जाते, दाराची नाही.

राहिले दोन. ‘सुलभ’मध्ये लभ् धातू, म्हणजे मिळणे. लाभ, उपलब्ध, दुर्लभ ही त्याची भावकी. ‘सुगम’मध्ये गम्, म्हणजे जाणे. आगमन, निर्गमन, दुर्गम. आपला ‘दुर्ग’सुद्धा याच घरातला: जिथे जाणं कठीण तो दुर्ग. परक्याला वर येता येऊ नये म्हणून तो मुद्दाम तसा बांधायचा. ॲपवाले मुद्दाम करत नसतील, पण बांधलेलं त्यांनीच असतं.

आता एकच वस्तू सुलभ असून दुर्गम असू शकते. तुमचं ॲप फुकट उतरवून घेता येतं, म्हणजे ते सुलभ. पण उघडल्यावर अंध खातेदाराला पैसे पाठवायचं बटणच सापडलं नाही तर ते दुर्गम.

आणखी एक गंमत. जाण्याचा अर्थ असलेले धातू जाणण्याचाही अर्थ देतात असं संस्कृत वैयाकरण मानतात. म्हणून तर बुद्धिगम्य, बोधगम्य. वेबसाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत (डब्ल्यूसीएजी, पहिली आवृत्ती १९९९ची, २.२ ही २०२३ची) त्यांच्या चार कसोट्या अशा: मजकूर जाणवला पाहिजे, पान चालवता आलं पाहिजे, समजलं पाहिजे आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकलं पाहिजे. ‘सुगम’मध्ये पोचणं आणि कळणं दोन्ही येतं. ‘सुलभ’मध्ये त्यातलं काहीच नाही.

फक्त ‘सुगम’ असताना ‘सुगम्य’ कशाला, हे मला आजवर पटलेलं नाही. ‘सुगम’चा अर्थच सहज जाता येण्याजोगं.

ठेचाभाकर
सुगम म्हटलं की लोक आकाशवाणी लावतील अन् भावगीताची वाट पाहतील, म्हणून असेल. आमच्या वऱ्हाडात ‘गमत नाही’ म्हणजे करमत नाही. त्या हिशेबानं सुगम्य ॲप म्हणजे ज्यात माणसाला गमते ते!

धातुसाधित
हसू नका, तुमचं गमणं आणि जुन्या कवितेतलं ‘मज गमे’ याच गम्‌चे. आणि ‘सुगम्य’ रुळलं ते हिंदीतून. ३ डिसेंबर २०१५ला केंद्राचं सुगम्य भारत अभियान सुरू झालं, तेव्हापासून पाट्यांवर तोच शब्द आला. आता तो मागे घेता येणार नाही.

टॉकबॅक_चालू
मी जन्मांध. नोकरी बँकेत, दिवसभर कानात एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. आमच्यात कुणी सुगम्यता म्हणत नाही आणि सुलभताही म्हणत नाही. आम्ही म्हणतो ‘वाचतं’ आणि ‘वाचत नाही’. नवं ॲप आलं की मित्राला फोन: “काय रे, वाचतं का?” एवढ्यात सगळं आलं.

‘वाचत नाही’ म्हणजे काय ते सांगतो. पडद्यावर बोट उजवीकडे सरकवत जायचं, एकेक वस्तू फोन बोलत जातो. “बटण. बटण. बटण. बटण.” कशाचं बटण? बांधणाऱ्याने चित्र काढलं, त्याला नाव दिलंच नाही. चारांतलं एक पैसे पाठवतं, एक व्यवहार रद्द करतं, आणि मी सोडत काढतो.

केवायसीचा किस्सा तर घरात अजून सांगतात. फोन म्हणाला, चेहरा वर्तुळात आणा आणि डोळे मिचकवा. कुठलं वर्तुळ? बायकोने हनुवटी धरून माझं डोकं इकडून तिकडे फिरवलं, न्हाव्याकडे बसवतात तसं. पाचव्यांदा झालं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्यांच्या पापण्या मिटत नाहीत त्यांनी तर काय करावं? तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिल २०२५च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसी सगळ्यांना जमेल अशी करण्यासाठी २० निर्देश दिले.

आणि कच्चाखर्डासाहेब, रागावू नका, पण तुम्ही जोडलेला मसुदा माझा फोन नुसता “चित्र” म्हणून वाचतोय. पुढे शांतता.

कच्चाखर्डा
शरमलो. मजकूर जुन्या फॉन्टात टाइप केलेला होता, इथे चिकटवला की भलतीच अक्षरं उमटत होती, म्हणून फोटो काढून टाकला.

टॉकबॅक_चालू
तुमच्या डोळ्यांना भलतीच दिसली ना, आम्हाला ती तशीच ऐकू येतात. जुन्या फॉन्टात वरून मराठी दिसतं, आत रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं भरलेली असतात. यंत्र आतलं वाचतं. युनिकोडमध्ये करून टाका, त्यात आतही खरी मराठी अक्षरंच असतात. बाकीचं नंतर बोलू.

म्युनिकची_मावशी
इकडे जर्मनीत शब्द आहे ‘बारिअरेफ्रायहाइट’, सरळ अर्थ अडथळ्यांपासून मुक्तता. चिनी लोकही ‘वू झांग-आय’ म्हणतात, तेही ‘अडथळा नसणे’च, आणि त्याच नावाचा त्यांचा कायदा १ सप्टेंबर २०२३पासून लागू झालाय. मला हे शब्द आवडतात. बोट माणसाकडे न जाता वाटेतल्या धोंड्याकडे जातं.

युरोपचा याच विषयावरचा कायदा २८ जून २०२५पासून लागू झाला: बँकेच्या सेवा, एटीएम, तिकिटाची यंत्रं, ई-पुस्तकं, ऑनलाइन दुकानं. अगदी छोट्या सेवा-व्यवसायांना सूट आहे. जर्मनीतल्या त्याच्या अवताराचं नाव ‘बारिअरेफ्रायहाइट्सश्टेर्कुंग्सगेझेत्स’, जे एका दमात म्हणणं हाच पहिला अडथळा. तुम्ही ‘अडथळामुक्त’ का नाही घेत?

धातुसाधित
विशेषण म्हणून छान आहे हो मावशी, ‘अडथळामुक्त ॲप’. नाम करायला गेलं की ‘अडथळामुक्तता’, आणि जीभ अडखळते.

वकिलीपेशा
शब्दावरून कसं अडतं त्याचं ताजं उदाहरण न्यायालयातलंच. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. (‘दिव्यांग’ की ‘अपंग’ हा वाद इथे नको, त्याला वेगळा धागा लागेल आणि दोन दिवस.) कायद्यात सुगम्यता सक्तीची, पण त्याखालच्या नियम १५मधली मानकं वाचली तर सूर शिफारशीचा. ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करायला केंद्राला सांगितलं. ‘करावे’ आणि ‘केले पाहिजे’ यांतलं अंतर भाषांतर करताना विसरू नका.

त्याच निकालातला दुसरा भेदही तुमच्या कामाचा आहे. सुगम्यता आधी असते, कुणी मागायच्या आत. एखाद्याची विशिष्ट गरज कळल्यावर त्याच्यापुरता जो बदल करतात ते ‘वाजवी समायोजन’. इमारतीला उतार बांधणं पहिल्यात, एका कर्मचाऱ्यापुरतं टेबल उंच करून देणं दुसऱ्यात. मराठीत आपण दोन्हींना ‘सोय’ म्हणतो आणि मग आधीचं कामही मेहेरबानी वाटू लागतं.

शंकेखोर
कायदे वाचून बरं वाटतं. आता आकडा घ्या. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. २०१९मध्ये यंत्राला सापडण्याजोगे दोष ९७.८ टक्के पानांत होते, २०२५मध्ये ९४.८ टक्क्यांत. सहा वर्षांत तीन टक्के. बैलगाडी बरी. सगळ्यात जास्त आढळणारा दोष कोणता? फिकट अक्षरं, ७९.१ टक्के पानांवर. पांढऱ्यावर राखाडी. डब्ल्यूसीएजीचा निकष साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात ४.५ला १ एवढा फरक मागतो. माझ्या वडिलांना मोतीबिंदू, ते फोन खिडकीत नेऊन तिरपा धरतात आणि वर मलाच विचारतात, “शाई संपली होती का रे यांची?”

टॉकबॅक_चालू
दोष आहेतच, पण इतकं रडू नका. एनव्हीडीए २००६मध्ये ऑस्ट्रेलियात एका अंध तरुणाने सुरू केलं आणि ते आजही फुकट आहे. परवडणारं नसतं तर मी या नोकरीत नसतो. यात तुमचं सुलभ आणि सुगम, दोन्ही आलं.

कच्चाखर्डा
ठरलं असं: मथळ्यात ‘सुगम्यता’, कारण लोकांना कायद्यात तोच शब्द सापडेल. आत मजकुरात मात्र नाम टाळून क्रियापदं वापरतोय. “हे ॲप डोळ्यांनी न बघताही वापरता येतं.” “प्रत्येक बटण आपलं नाव सांगतं.” (दुसरं वाक्य खरं आहे का ते ॲपवाल्यांना विचारलंय. उत्तर आलेलं नाही, तोवर छापत नाही.) चित्राच्या जागी फोन जे वाचून दाखवतो त्या ‘ऑल्ट टेक्स्ट’ला ‘पर्यायी मजकूर’ म्हणू का?

टॉकबॅक_चालू
‘चित्रवर्णन’ म्हणा. ‘पर्यायी मजकूर’ वाचून माणूस तिथे खरंच ‘चित्र क्र. ३’ लिहून मोकळा होतो. वर्णन म्हटलं की थोडी तरी लाज वाटते.

कच्चाखर्डा
घेतलं. युनिकोडमधला पहिला परिच्छेद खाली टाकलाय. “मा. सचिव व सर्व सभासदांस कळविण्यात आनंद होतो की, आपल्या संस्थेचे ॲप आता अंध, कर्णबधिर व हात थरथरणाऱ्या सभासदांनाही स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय वापरता यावे अशा रीतीने बांधले जात आहे.” बघता का जरा?

टॉकबॅक_चालू
वाचतंय! फक्त ‘मा. सचिव’चं ‘मा सचिव’ झालं, सचिवसाहेब एकदम आई झाले. ‘माननीय’ पूर्ण लिहा.