मूल हाताबाहेर जातं तेव्हा घरात काय होतं? सोलापूरच्या आईबाबांनो, लिहा

अबोली
यंदा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला गेले नाही, सिद्धेश्वराच्या अक्षतांनासुद्धा नाही, लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून २२ वर्षांत पहिल्यांदा. हळदीकुंकवाची बोलावणी पण टाळली, कारण वाण देता देता कुणीतरी विचारतंच, मुलगा काय करायलाय आता? माझा मुलगा १९ चा आहे. बारावीच्या परीक्षेला दोनदा बसलाच नाही, दिवसभर झोपतो, रात्रभर जागा, पैसे नाही दिले की वस्तू फोडतो. टीव्ही फुटून वर्ष झालं, नवीन घेतला नाही. दोन वेळा माझ्यावर हात उचललाय. हे मी आज पहिल्यांदा लिहायलेय, सख्ख्या बहिणीला पण माहीत नाही.
आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी रात्री दोनला, तेव्हा सगळी गल्ली नळाला जागी असते, आणि एकदा नेमका त्याच वेळी घरात आरडाओरडा झाला. सकाळी कुणी एक शब्द बोललं नाही. शेजारच्या काकू अधूनमधून ताक आणून द्यायच्या, ते त्या दिवसापासून बंद. भांडायला आल्या असत्या तरी चाललं असतं मला.
ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांनी लिहा, नाव नको. फक्त संस्कार काढू नका. ते मी स्वतःला रोज विचारते.

विडी घरकुल
ताई, मी बाप आहे. टॉवेलच्या कारखान्यात मागावर रात्रपाळी करतो, बायको विड्या वळते. घरात तेलुगू बोलतो आम्ही, मराठी चुकलं तर समजून घ्या. पोरगा १४ चा असताना पंक्चरचं सोल्युशन हुंगायचा आणि आम्हाला वर्षभर पत्ता नाही, शर्टाला वास यायचा तर मला वाटायचं मित्राच्या गॅरेजला बसतो म्हणून. विड्यांचे पैसे डब्यातून कमी व्हायचे, मी बायकोवर संशय घेतला. तिनं भावाला दिले असतील असं बोललो. ती रडली नाही, नुसती पानं कापत बसली. त्याची माफी अजून मागितलेली नाही.
ताईत बांधून झाला, अंगारा झाला, मार पण दिला मी, खोटं कशाला बोलू. मग सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांनी समजावलं की हा आजार आहे, सुटतो, परत लागतो, परत सुटतो, परत लागला म्हणजे पोरगं नालायक असं नाही. आता १७ चा आहे, सुटून आठ महिने झाले. संध्याकाळी घरी आला की अजून माझं नाक शर्टाकडं जातं. त्याला कळतं ते. आता तो स्वतःच शर्ट काढून माझ्या हातात देतो.

धाकटी
मी आई नाही, बहीण आहे, चालेल का. मला दहावीला ९१ टक्के पडले तेव्हा घरात पेढे आणले नाहीत, दादाला वाईट वाटेल म्हणून. आईवर राग नाही माझा. पण मी पण होते ना त्या घरात.

अबोली
चालेल गं बाळा. मला पण एक मुलगी आहे. तुझं वाचून उठले आणि तिच्या खोलीत जाऊन बसले.

रेल्वे लाईन्स
माझी लेक १६ ची. तिनं स्वतःला संपवायचा प्रयत्न केला तेव्हा घरातलीच मोठी माणसं म्हणाली दवाखान्यात नेऊ नका, पोलीस केस होईल, पुढं लग्न कसं जमणार. पाऊण तास गेला त्यात. तो पाऊण तास मी आयुष्यभर विसरणार नाही. म्हणून इथं मुद्दाम लिहिते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की असं करणारं माणूस प्रचंड ताणाखाली होतं असंच धरायचं, शिक्षा करायची नाही. उपचार आधी. मला हे तेव्हा माहीत असतं तर कुणाचं ऐकलं नसतं.
आता महिन्यातून एकदा सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला डॉक्टरकडं नेते. नातेवाईकांना सांगितलंय क्लाससाठी जातो. रात्री माझंच डोकं फिरतं तेव्हा १४४१६ ला फोन लावते, टेलिमानस, मन मोकळं करायची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात, रात्री पण. पहिल्यांदा लावला तेव्हा मी नुसती रडले.

एक बाप, होटगी रोड
पोरगा २४ चा, दारू. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला होता, तिथं घरच्यांची पण मीटिंग असते, मी आधी गेलोच नाही, म्हटलं पितो तो, मी कशाला बसू. बायको एकटी जायची. शेवटी गेलो तर माझ्यासारखे चार बाप खाली मान घालून बसलेले.
तो परत प्यायला लागला, आता कुठं राहतो माहीत नाही, कधीतरी पैशासाठी फोन येतो. माणूस गेलं की दहावा असतो, तेरावा असतो, लोकं येऊन बसतात. माझ्याकडं कोण येणार. लहानपणी त्याला खांद्यावर बसवून गड्ड्याच्या जत्रेतले नंदीध्वज दाखवायला न्यायचो, माझे केस घट्ट धरायचा. परवा कटिंगला बसलो होतो आणि न्हाव्यानं केसात हात घातला तर डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. त्यानं काही विचारलं नाही, मान पुसायचा टॉवेल तेवढा दिला.

अबोली
दादा, मी दर रविवारी सकाळी साडेसहाला संभाजी तलावावर चालायला असते, बागेच्या बाजूला. वहिनींना घेऊन या. बोललंच पाहिजे असं नाही.

रेल्वे लाईन्स
मी येऊ का?

अबोली
ये ना.

विडी घरकुल
रात्रपाळी सहाला सुटते ताई. बायकोला विचारतो. तिच्याशी त्या पैशाचं पण बोलायचंय, आधी ते बोलतो.