जुन्या मोटरसायकलचे पुढचे शॉकअप बसलेत : स्पेसर वाढवू की स्प्रिंगाच बदलू?

आटेगेले
साधा डॅम्पर रॉडवाला फोर्क (पुढच्या शॉकअपची जोडी; आतल्या दांड्याच्या भोकांतून ऑइल जाऊन धक्का आवरतो), पाइप ३५ मिमी, एकूण प्रवास, म्हणजे दबायला जागा, १३० मिमी. ऑइल सील कोरडे आहेत, पाइप सरळ, बुशांत खेळ नाही, कोनसेटही (हँडलचं बेअरिंग) ठीक. तेव्हा तिकडे बोट नको. स्प्रिंग बाहेर काढून मोजली तर ३७२ मिमी भरते. मॅन्युअल म्हणतं नवी ३८८, आणि ३८० च्या खाली गेली की बदला. स्वार बसल्यावर सॅग (नुसत्या वजनाने फोर्क दबतो तो) ४८ मिमी. ब्रेक दाबला की नाक खुपसते, त्यातच खड्डा आला की ठण्ण. स्वाराचं वजन जॅकेट-बुटांसकट ८५ किलो. मूळ मापाच्या घ्याव्यात, कडक घ्याव्यात, की स्प्रिंगेवर बसणारा स्पेसर (नळीचा तुकडा) लांब करून भागेल? ऑइल कोणतं?

पानाबारा
भागेल की. आहे त्याहून १६ मिमी जास्त लांब पीव्हीसी स्पेसर टाका, सॅग ३२ वर येईल. उगाच स्प्रिंगांचा खर्च कशाला?

वेढेमोजा
सॅग येईल, बुडणं जाणार नाही. स्प्रिंग मऊ झाली असं सगळे म्हणतात, पण मऊ होत नाही, आखूड होते. कडकपणा ठरतो तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या व्यासावर आणि वेढे किती यावर. वापराने यातलं काहीच सांगण्यासारखं बदलत नाही. ३८८ ची ३७२ झाली म्हणजे प्रीलोड (बसवतानाच स्प्रिंग जेवढी दाबलेली असते ते) १६ ने गेला आणि सॅग १६ ने वाढला, एवढंच. कडकपणा तोच, म्हणजे ही स्प्रिंग नवी होती तेव्हाही या वजनाला कमीच होती.

ढोबळ हिशेब बघा (फोर्कचा तिरपेपणा आणि आतली हवा सोडून देतो). अशा जुन्या स्प्रिंगा साधारण ०.५५ किलो/मिमीच्या असतात, दोन मिळून १.१. स्वारासकट पुढे ९० किलो धरले तर स्प्रिंग ८२ मिमी दबते. त्यातून प्रीलोड ३४ धरून वजा केला की तुमचे ४८. ब्रेक मारल्यावर आणखी ६० किलो पुढे आले की अजून ५५ मिमी. एकूण १०३, खड्ड्यासाठी उरले २७. स्पेसर वाढवलात तर सुरुवात ३२ पासून होईल, पण ब्रेकचे ५५ तेवढेच राहणार. एकूण ८७.

आता ०.८५ ची सरळ (सगळीकडे सारख्याच कडकपणाची) स्प्रिंग, दोन मिळून १.७. ९० किलोला ५३ मिमी, प्रीलोड २० ठेवला की सॅग ३३. ब्रेकचे ६० किलो आता ३५ मिमीच दाबतात. एकूण ६८, हाताशी ६२ मिमी शिल्लक. सॅग जवळपास तोच, गाडी वेगळी.

मागवताना एकक बघा. काही जण किलो/मिमी देतात, काही न्यूटन/मिमी. ०.८५ म्हणजे सुमारे ८.३ न्यूटन.

आटेगेले
मूळ स्प्रिंगेचे वेढे कापून कडक करतात म्हणे, ते?

वेढेमोजा
होते. ४० चालते (दबणारे) वेढे असतील आणि ८ कापले तर कडकपणा सव्वापट, म्हणजे ०.५५ चे ०.६९. तरी तुम्हाला कमीच. शिवाय कापलेलं टोक चपटं नसतं, ते तिरपं बसून पाइप आतून खरवडतं, आणि कापताना तार निळी पडली तर तिथला टेम्पर (पोलादाला दिलेलं पाणी) गेला. नवीन मिळत असताना हा उद्योग नको.

तेलपाणी
ऑइलबद्दल. मॅन्युअलमध्ये १० डब्ल्यू (ऑइलच्या जाडीचा आकडा) असेल तर आधी तेच भरा, फार तर एक पायरी जाड. डॅम्पर रॉडची भोकं ठरलेली. जाड ऑइलने रिबाउंड (दबलेला फोर्क परत उसळणं) आवरतो, पण तीक्ष्ण खड्ड्यावर ऑइल त्या भोकातून वेळेत जात नाही आणि फोर्क काठीसारखा लागतो. ऑइल जाड करून कमजोर स्प्रिंग झाकायला जाऊ नका. आणि डब्यावरच्या डब्ल्यूवर विसंबू नका, दोन कंपन्यांचं १० डब्ल्यू सारखं असेलच असं नाही. ४० अंशांना सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) किती, ते बघा.

मिलीने भरू नका, पातळीने भरा. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, पाइपच्या वरच्या काठापासून ऑइलपर्यंत मोजायचं. ३१ मिमी बोअरला (पाइपच्या आतल्या व्यासाला) १० मिमी पातळी म्हणजे जेमतेम साडेसात मिली, आणि तळाशी जुनं ऑइल चिकटलेलं असतं तेच त्याहून जास्त भरेल. पातळी जास्त झाली तर वरची हवा कमी पडते आणि शेवटचा प्रवास दगड होतो. हवा निघेपर्यंत सावकाश पंप करा, मग मोजा.

पानाबारा
स्पेसरची लांबी कशी काढायची तेही सांगा. माझा मुद्दा मागे घेतला.

वेढेमोजा
फोर्क पूर्ण उघडा. स्प्रिंग टाका, वर स्टीलचा वॉशर, त्यावर अंदाजाने जरा लांबच कापलेला पीव्हीसी पाइप, पुन्हा वॉशर. वरचा वॉशर पाइपच्या काठाबाहेर किती येतो ते मोजा, त्यात टोपीचा, म्हणजे पाइपच्या वरच्या झाकणाचा, आत जाणारा भाग मिळवा. बेरीज हाच प्रीलोड. २० हवा आणि ३१ आला तर ११ कापा. काप काटकोनात हवा. तिरपा असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा. मधला वॉशर विसरलात तर स्प्रिंगेचं टोक पीव्हीसी खात बसतं.

सॅग दोनदा मोजा. फोर्क दाबून हळू सोडल्यावर एक आकडा, उचलून हळू सोडल्यावर दुसरा; सरासरी धरा. दोन्हींत फरक फार असेल तर घर्षण आहे : ॲक्सलचा पिंच बोल्ट (ॲक्सल आवळून धरणारा) सोडा, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा, मग कसा.

तेलपाणी
उघडताना क्रम चुकवू नका. इंजिनाखाली टेकू देऊन चाक उचला. पाइप धरणाऱ्या वरच्या क्लॅम्पचा बोल्ट आधी सैल करा, नाहीतर टोपी जाम राहते आणि तिचे कोपरे जातात. पाय (फोर्कच्या दोन बाजू) काढायचे असतील तर टोपी आधीच थोडी सैल करा, मग खालचा क्लॅम्प. सुटा पाय हातात धरून टोपी सुटत नाही. चाक न उचलता उघडलीत तर स्प्रिंगेच्या १७-१९ किलोंवर गाडीचं वजनही टोपीमागे असतं, ती सरळ तोंडावर येते. पाय गाडीवरच ठेवून काम करत असाल तर एका वेळी एकच.

लावताना सॉकेटने टोपी खाली दाबून आधी उलटी फिरवा. टक असा खालचा धक्का हाताला लागला की आटा जुळला, तिथून सुलटी, हातानेच, दोन पूर्ण फेरे. त्याआधी पान्याला हात लावू नका.